लाइट चालू असताना तोंड कसे सांभाळावे

आपल्याकडे ‘तोंड आले’ म्हटले की उष्णता झाली असे निदान घरातच होते, जाईचा पाला चघळला जातो, रात्री गालाला आतून लोणी लावले जाते आणि तीन-चार दिवसांत विषय संपतो. तोंडाच्या, जिभेच्या किंवा घशाच्या कर्करोगावर किरणोपचार, म्हणजे रुग्ण ज्याला ‘लाइट’ किंवा ‘शेक’ म्हणतात तो उपचार, चालू असताना जे तोंड येते ते या ओळखीच्या दुखण्याहून वेगळे असते. ते उष्णतेने येत नाही, तीन-चार दिवसांत जात नाही, आणि ते आले म्हणजे उपचारात काही चुकले असेही नाही. तोंडाच्या आतले नाजूक अस्तर सतत झिजत असते आणि साधारण एक ते दोन आठवड्यांत नव्याने तयार होत असते. किरण जसे कर्करोगाच्या पेशींना मारतात तसेच या अस्तराच्या मुळाशी वेगाने वाढणाऱ्या पेशींनाही थांबवतात, त्यामुळे जुने झिजून जाते आणि त्याच्या जागी यायला नवे तयार नसते. सोबत सिस्प्लाटिन या कर्करोगाच्या औषधाचे किमो चालू असेल तर हा त्रास आणखी वाढतो.

माझ्या थोरल्या मामांच्या गालाच्या शस्त्रक्रियेनंतर त्यांना तीस लाइट ठरले होते. चौथ्या आठवड्यात त्यांना पाण्याचा घोटही उतरेना, तेव्हा ‘जरा तोंड बरे होऊ द्या, मग जाऊ’ असे म्हणून मीच त्यांना परभणी जिल्ह्यातल्या आमच्या गावी चार दिवस ठेवून घेतले. परत गेल्यावर डॉक्टरांनी जे सांगितले ते मला आधी ठाऊक असते तर मी तसे केले नसते. लाइटच्या मधे खंड पडला की उरलेल्या कर्करोगाच्या पेशी त्या काळात पुन्हा वाढू लागतात, आणि डोक्या-मानेच्या कर्करोगात उपचार जितके दिवस लांबतो त्या प्रत्येक दिवसागणिक गाठ आटोक्यात येण्याची शक्यता सुमारे एक टक्क्याने कमी होते, असे मानले जाते. पुढे सांगितलेले सगळे काही त्यामुळे दोनच गोष्टींसाठी आहे: लाइटचा एकही दिवस चुकू नये आणि वजन घसरू नये.

त्रास केव्हा सुरू होतो आणि केव्हा संपतो

लाइट सहसा आठवड्यातून पाच दिवस, शनिवार-रविवार सोडून, सहा ते सात आठवडे चालतात. पहिल्या आठवड्यात रुग्ण चांगला जेवतो आणि घरच्यांना वाटते की आपल्याला काही होत नाही. दुसऱ्या आठवड्यात तोंड आतून लाल होते, चव बदलते, तिखट झोंबू लागते. तिसऱ्या आठवड्यापासून पांढऱ्या-पिवळ्या पापुद्र्याचे चट्टे दिसतात, लाळ घट्ट व तार धरणारी होते आणि गिळताना दुखते. चौथा आठवडा ते उपचाराचा शेवट हा सर्वांत कठीण काळ असतो. पुष्कळ घरे इथे एक गोष्ट धरून चालतात ती चुकीची ठरते: शेवटचा लाइट झाला म्हणजे दुसऱ्या दिवसापासून आराम पडत नाही, उलट पुढचा आठवडा-दीड आठवडा त्रास तितकाच राहतो, कधी वाढतोही, आणि तोंड भरून यायला साधारण तीन ते सहा आठवडे लागतात. घरी जाताना औषधे आणि गुळण्यांचे सामान म्हणूनच निदान महिन्याभराचे न्यावे.

डॉक्टर या त्रासाची पायरी शून्य ते चार अशी मोजतात. लाली व जळजळ ही पहिली, फोड आहेत पण घन पदार्थ खाता येतात ती दुसरी, फक्त पातळ उतरते ती तिसरी, आणि तोंडाने काहीच घेता येत नाही ती चौथी. घरच्यांनी ही मोजपट्टी लक्षात ठेवली तर तपासणीच्या दिवशी नेमके बोलता येते.

पहिल्या लाइटच्या आधीची कामे

सर्वांत आधी दंतवैद्यांना तोंड दाखवावे. हलणारा, किडलेला किंवा टोकदार दात काढायचा असेल तर तो लाइट सुरू होण्याच्या दोन-तीन आठवडे आधीच काढून जखम भरू द्यावी लागते, कारण किरण मिळालेल्या जबड्याचा रक्तपुरवठा कमी होतो आणि नंतर दात काढल्यास हाड कुजण्याचा धोका असतो. टोकदार दाताची धार घासून घेतली तरी पुढे फोडावर होणारी इजा टळते. कवळी असेल तर तोंड लाल होऊ लागताच ती काढून ठेवावी. मामांनी ‘लोकांत बरे दिसत नाही’ म्हणून ती तीन आठवडे घातली आणि हिरडीवरचा एक व्रण सगळ्यात शेवटी भरला.

तंबाखू, गुटखा, मावा, सुपारी, विडी, दारू आणि मिश्री हे सर्व पूर्ण बंद करावे लागते. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी असली तरी पुडी कुठे मिळते हे रुग्णालाच नव्हे तर सोबत आलेल्या नातेवाइकालाही ठाऊक असते, आणि सोबत्याच्या खिशातली पुडी हा रुग्णासाठी सर्वांत मोठा मोह असतो. बायकांच्या बाबतीत मिश्रीचा प्रश्न अधिक अवघड आहे, कारण ती व्यसन म्हणून नव्हे तर दात घासण्याची वस्तू म्हणून घरात असते आणि डॉक्टरांनी ‘तंबाखू खाता का’ असे विचारले तर उत्तर ‘नाही’ असेच येते. मिश्री हा भाजलेला तंबाखूच आहे. ती लावल्याने फोडांना थेट इजा होते. ती घेत असल्यास न लाजता सांगावे.

राहण्याची सोयही याच वेळी ठरवावी. हिंगोली किंवा अंबाजोगाईहून छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात, किंवा धाराशिव जिल्ह्याच्या लांबच्या गावातून बार्शीच्या कर्करोग रुग्णालयात, रोज येऊन-जाऊन सहा आठवडे लाइट घेणे पहिल्या पंधरा दिवसांत जमते आणि नंतर जमत नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून पात्र रुग्णाच्या किरणोपचाराचा खर्च निघतो, पण खोलीभाडे आणि सोबत्याचा खर्च घरचाच असतो, म्हणून माणसे गावाकडे परततात आणि तिथेच दिवस चुकतात. धर्मशाळेची चौकशी रुग्णालयातल्या समाजसेवा विभागात करावी. एसटीच्या भाड्यात कर्करोगाच्या रुग्णाला सवलत आहे, त्यासाठी लागणारे प्रमाणपत्रही तिथेच मागावे.

गुळण्या: सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित काम

उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात एक चहाचा चमचा खाण्याचा सोडा आणि अर्धा चमचा साधे मीठ विरघळवावे. इथे सोडा म्हणजे भजी-ढोकळ्यात घालतात तो. धुण्याचा सोडा किंवा पापडखार चालत नाही, आणि दुकानात नुसते ‘सोडा द्या’ म्हटल्यावर काय हाती पडेल याचा भरवसा नसल्याने पाकीट वाचून घ्यावे. पाणी रोज ताजे करावे, उरलेले सायंकाळी ओतून द्यावे. टँकरच्या किंवा हातपंपाच्या पाण्यावर भागवणाऱ्या गावांत हे ओतून देणे जिवावर येते हे खरे, म्हणून एक लिटर न करता अर्ध्या प्रमाणात दोनदा करावे. पण शिळे वापरू नये आणि उकळण्याचा कंटाळा करू नये.

त्रास सुरू होण्याची वाट न पाहता पहिल्या लाइटच्या दिवसापासूनच दर दोन-तीन तासांनी, शिवाय प्रत्येक खाण्यानंतर आणि झोपण्यापूर्वी, कोमट किंवा गार पाणी तोंडात घेऊन अर्धा मिनिट सगळीकडे फिरवून थुंकावे. जोराने खळखळ करण्याची गरज नाही. रात्री जाग आली तर एकदा करावे, कारण झोपेत तोंड कोरडे पडते आणि पहाटेचे दुखणे सर्वांत तीव्र असते. या गुळण्यांनी फोड बरे होत नाहीत, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. त्यांनी घट्ट लाळ सैल होते, अन्नाचे कण निघतात आणि फोडात जंतुसंसर्ग होण्याची शक्यता कमी होते. एवढ्यासाठीच त्या करायच्या असतात.

बाजारात मिळणारी झणझणीत, मद्यार्क असलेली माउथवॉश या काळात वापरू नयेत. क्लोरहेक्सिडीन हिरड्यांसाठी उपयोगी असले तरी लाइटमुळे येणारे तोंड त्याने टळत नाही. बेंझिडॅमिन या औषधाच्या गुळण्यांची मात्र आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांमध्ये शिफारस आहे. ते डॉक्टरांकडून लिहून घ्यावे, आणि फोड आल्यावर झोंबू लागले तर तितक्याच पाण्यात मिसळून वापरता येईल का हे विचारावे. काही मोठ्या केंद्रांत कमी शक्तीच्या लेझरचा उपचार असतो, जो फोड येण्याआधीपासून दिल्यास चांगला उपयोगी पडतो. तो आपल्या केंद्रात आहे का, एवढे विचारायला काहीच लागत नाही.

दात अगदी मऊ ब्रशने, ब्रश कोमट पाण्यात भिजवून, फ्लोराइडच्या पण पुदिना नसलेल्या पेस्टने घासावेत. ब्रश सहन होईनासा झाला की स्वच्छ गॉज बोटाला गुंडाळून सोड्याच्या पाण्यात बुडवून दात पुसावेत. कडुनिंबाची काडी, राखुंडी, कोळसा हे सर्व बाजूला ठेवावे.

घरगुती उपायांविषयी लोक सल्ले देतातच, तेव्हा त्यांचाही विचार करू. तुरटी आणि कात तोंड आवळतात व कोरडे करतात, आणि इथे कोरडेपणा हीच तर अडचण आहे. जाईचा किंवा पेरूचा पाला साध्या फोडांना ठीक असला तरी उघड्या अस्तरावर खरखरीत पाने घासणे आणि त्यांवरची धूळ-फवारणी पोटात घालणे योग्य नाही. मधाच्या बाजूने मात्र पुरावा आहे: अभ्यासांत लाइटच्या थोडे आधी, थोडे नंतर आणि काही तासांनी पुन्हा, मध तोंडात सगळीकडे फिरवून हळूहळू गिळायला दिला गेला आणि फोडांची तीव्रता कमी झाली. तरीही मधुमेह असल्यास तो घेऊ नये, घेतल्यास काही वेळाने साध्या पाण्याने तोंड धुवावे म्हणजे दात किडणार नाहीत, आणि गुळाच्या पाकाला मध समजून विकत घेऊ नये.

जेवण

मराठवाड्याच्या माणसाला भाकरी, काळ्या मसाल्याचे कालवण आणि ठेचा यांशिवाय जेवल्यासारखे वाटत नाही. लाइटच्या काळात या तिन्ही गोष्टी ताटातून जातात, आणि त्यांच्या जागी काय यावे हे ठरवले नाही तर रुग्ण चहा-बिस्किटावर दिवस काढतो. रोज साधारणपणे वजनाच्या प्रत्येक किलोमागे तीस कॅलरी आणि सव्वा ग्रॅम प्रथिने लागतात. म्हणजे पन्नास किलोच्या माणसाला दीड हजार कॅलरी आणि साठ ग्रॅमच्या वर प्रथिने. हा आकडा मोठा वाटला तरी घरच्या वस्तूंत बसतो. म्हशीच्या एक लिटर दुधात सुमारे एक हजार कॅलरी आणि चाळीस ग्रॅम प्रथिने असतात, दोन अंड्यांतून बारा ग्रॅम मिळतात, आणि पन्नास ग्रॅम मूगडाळीतून आणखी बारा. दूध हा कणा ठेवून बाकीचे त्याभोवती रचावे: दुधात शिजवून पातळ केलेला रवा, साजूक तूप घातलेली मुगाची मऊ खिचडी गाळून किंवा घोटून, मीठ कमी घातलेले घट्ट वरण, पूर्ण शिजलेले अंडे दुधात फेटून, पिकलेले केळे कुस्करून, सातूच्या पिठाची पातळ पेज. प्रत्येक वाटीत एक चमचा तूप जास्त घातले की घासांची संख्या न वाढवता कॅलरी वाढतात.

भाकरीचा आग्रहच असेल तर वरचा पापुद्रा काढून आतला मऊ भाग गरम दुधात अर्धा तास भिजवून मिक्सरमधून फिरवावा. कडा देऊ नयेत, त्या फोडावर काचेसारख्या लागतात. ज्वारीच्या कण्या भरपूर पाण्यात शिजवून दुधात दिल्या तर बहुतेकांना उतरतात. आंबील मात्र आंबट असल्याने झोंबते, त्यापेक्षा ताजे, न आंबलेले ताक पातळ करून द्यावे. लिंबू, चिंच, कैरी, टोमॅटो, कोरडा फरसाण, चुरमुरे आणि भाजलेले शेंगदाणे टाळावेत. दाणे हवेच असतील तर भिजवून, दुधासोबत अगदी बारीक वाटून, गाळून द्यावेत. वीज जाण्याच्या वेळा ठरलेल्या गावांत सगळे वाटण सकाळीच करून गार जागी ठेवावे. मामींनी तर पाट्यावरच वाटून वस्त्रगाळ केले आणि मिक्सरपेक्षा ते बरे उतरत होते.

गरम काहीच देऊ नये. कोमट किंवा गार द्यावे. तीन जेवणांऐवजी दर दोन तासांनी अर्धी वाटी द्यावी, आणि दुखणे थांबवणारे औषध खाण्याच्या अर्धा तास आधी द्यावे. लिग्नोकेनचे बधिर करणारे जेल लिहून दिले असेल तर ते खाण्याच्या अगदी आधी लावतात, पण बधिर तोंडाला गरम कळत नाही, गाल चावला जातो आणि घसा बधिर असताना घास श्वासनलिकेकडे जाऊ शकतो, म्हणून थोडेच घ्यावे आणि ताठ बसून सावकाश गिळावे.

एप्रिल-मे महिन्यांत, जेव्हा आपल्याकडे पारा बेचाळीसच्या पुढे जातो, पाण्याचा प्रश्न जेवणाहून गंभीर होतो. सिस्प्लाटिन हे औषध मूत्रपिंडांवर ताण आणते आणि शरीरात भरपूर पाणी असेल तरच ते सुरक्षित राहते. तोंड दुखते म्हणून पाणी कमी झाले की नेमका हाच बिघाड होतो. याच कारणाने डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेनसारख्या दुखणे थांबवणाऱ्या गोळ्या गावातल्या दुकानातून स्वतःच्या मनाने आणू नयेत, कारण त्याही मूत्रपिंडांवरच भार टाकतात. घोट-घोट पाणी दिवसभर चालू ठेवावे आणि लघवीचा रंग पाहावा. ती गडद पिवळी व थोडी होऊ लागली की सलाइनची वेळ आली आहे.

वजन आठवड्यातून एकदा, एकाच काट्यावर, सारख्या कपड्यांत करावे. घरात काटा नसेल तर आडतीवरचा किंवा किराणा दुकानातला चालतो. महिन्यात पाच टक्क्यांहून जास्त, म्हणजे पन्नास किलोमागे अडीच किलोच्या वर, घट झाली तर ती लगेच सांगावी. यात निव्वळ अशक्तपणाचा प्रश्न नसतो: लाइट देताना चेहऱ्यावर बसवतात तो जाळीचा मास्क वजन उतरल्यावर सैल होतो, डोके हलते, आणि सगळे नियोजन पुन्हा करण्याची वेळ येऊ शकते.

नाकातून पोटात जाणाऱ्या नळीविषयी आपल्या भागात फार भीती आहे. ‘नळी लागली म्हणजे संपले’ असे म्हणणारे पाहुणे दवाखान्यातही भेटतात. माझे मत याच्या अगदी उलट झाले आहे. नळी तात्पुरती असते, तिच्यातून दूध, वरण, औषध सगळे जाते, वजन घसरणे थांबते आणि लाइट चुकत नाहीत. ती उशिरा लावण्यापेक्षा वेळेवर लावणे चांगले. मात्र नळी असली तरी डॉक्टरांनी परवानगी दिली असेल तर दिवसातून काही वेळा पाण्याचे लहान घोट तोंडाने गिळावेत, नाहीतर गिळण्याचे स्नायू आळसावतात.

दुखणे सांगावे लागते

तपासणीच्या दिवशी डॉक्टर ‘कसे आहे’ विचारतात आणि आपला माणूस, रात्रभर न झोपता आलेला, मान हलवून ‘बरे आहे’ म्हणतो. रांगेतल्या गर्दीची भीड आणि तक्रार केली तर उपचार थांबवतील ही धास्ती या उत्तराच्या मुळाशी असते. सोबत्याने हे काम आपल्याकडे घ्यावे: शून्य ते दहामध्ये दुखणे किती, काल काय-काय उतरले, रात्री किती झोप झाली, हे कागदावर लिहून न्यावे. पॅरासिटामॉलपासून ट्रामाडॉल आणि गरज पडल्यास मॉर्फिनपर्यंत औषधे असतात. मॉर्फिनचे नाव ऐकून सवय लागेल असे घरच्यांना वाटते, पण अशा दुखण्यासाठी, ठरवून दिलेल्या मात्रेत, थोड्या काळापुरते घेतल्याने व्यसन लागण्याची भीती फारच कमी असते. बद्धकोष्ठता मात्र होते, तेव्हा पोट साफ करणारे औषध सोबतच मागून घ्यावे.

काही लक्षणे तपासणीच्या दिवसापर्यंत थांबवता येत नाहीत. ताप १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त असेल, थंडी वाजत असेल, दिवसभरात पाणीही उतरत नसेल, तोंडातले रक्त थांबत नसेल, पाणी पिताना ठसका लागून खोकला येत असेल, किंवा श्वास घेताना आवाज होत असेल तर रात्र असली तरी दवाखाना गाठावा. किमो चालू असताना पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असतात आणि अशा वेळी साधा दिसणारा ताप काही तासांत जीवघेणा ठरू शकतो. दह्याच्या कवड्यांसारखा पांढरा थर सगळीकडे दिसू लागला आणि जळजळ अचानक वाढली तर तो बहुधा बुरशीचा संसर्ग असतो. त्यावर सोपी औषधे आहेत, पण ती दाखवूनच घ्यावीत.

लाइट संपल्यावर

गुळण्या आणि मऊ अन्न तोंड पूर्ण भरेपर्यंत चालू ठेवावे. तोंड उघडण्याचा व्यायाम, जो डॉक्टरांनी आधीच शिकवलेला असतो, दुखते म्हणून सोडू नये; सुपारी-गुटख्यामुळे ज्यांचे तोंड आधीच दोन बोटे उघडत होते त्यांना लाइटनंतर एक बोटावर यायला वेळ लागत नाही. तिखट लगेच सोसत नाही. मामांनी पहिली अखंड भाकरी शेवटच्या लाइटनंतर दोन महिन्यांनी, दुधात न भिजवता, नुसत्या वरणासोबत खाल्ली आणि ठेच्याकडे बघितलेही नाही.

लाळ मात्र पुष्कळांची महिनोन्‌महिने कमीच राहते, आणि लाळ कमी म्हणजे दात लवकर किडतात. फ्लोराइडची पेस्ट कायमची ठेवावी, सहा महिन्यांनी दात दाखवावेत, आणि कोणत्याही दंतवैद्याकडे दात काढायला गेल्यास, ते पाच वर्षांनी असो वा दहा, खुर्चीत बसण्याआधी लाइट घेतल्याची फाइल त्यांच्यापुढे ठेवावी.